गुलाबी गाडी आणि मागचं दार

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक प्रसंग घडला. घडला म्हणजे, घडता घडता टळला. मोठ्या वन्संच्या मुलीचं लग्न ठरलंय, तिच्या रुखवताचं सामान पोचवायला आम्ही घाटकोपरहून मुलुंडला निघालो होतो. हे गाडी चालवत होते, शेजारी नाना, म्हणजे माझे सासरे. मागे मी, सासूबाई आणि डाव्या खिडकीशी आमचे पाच वर्षांचे चिरंजीव. माझ्या मांडीवर साखरेचं तुळशीवृंदावन ठेवलेलं खोकं.

लालबहादूर शास्त्री मार्गावर सिग्नलला गाडी थांबली आणि चिरंजीवांनी खेळता खेळता दाराची कडी ओढली. दार उघडलं, आणि तेवढ्यात डाव्या बाजूच्या फटीतून एक रिक्षा अंग चोरून सूंकन् निघून गेली. कसा कोण जाणे, माझ्या हातात त्याचा शर्ट आला. मी त्याला ओढून आत घेतलं. वृंदावन खाली पडून त्याचा चुरा झाला. बाकी काही झालं नाही. पण काय होऊ शकलं असतं, ते अजून रात्री डोळ्यांपुढे येतं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथला कारागीर हसून म्हणाला, "वहिनी, याला कुलूप आहे की!" त्याने मागचं दार उघडलं, दाराच्या कडेला असलेली एक बारकी खिट्टी नखाने खाली केली आणि दार लावलं. आता आतून कितीही ओढा, दार उघडेना. बाहेरून मात्र सहज उघडत होतं. तीन वर्षं ती खिट्टी तिथेच होती, आणि आम्हाला कोणालाच तिचा पत्ता नव्हता!

आता गाडी घेतानाचा प्रसंग आठवा म्हटलं, तर मला सगळं लख्ख आठवतं. दुकानातल्या त्या तरुण मुलाने ह्यांना इंजिन दाखवलं, अॅव्हरेज सांगितलं, हप्ते मांडून दाखवले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, रंग तुम्ही सांगा. आणि हा बघा, तुमच्यासाठी आरसा!" उन्हाची झडप खाली करून त्याने आतला आरसा दाखवला. मीही खुळी, त्यात पाहून केस सारखे केले. खिट्टीचं त्याने सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

हे मी नानांना बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "अगं, आमच्या डॉजवाल्यांनी तर बायकांसाठी म्हणून अख्खी गुलाबी गाडीच काढली होती!"

नानांनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तीस वर्षं काढली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज आणि प्लायमाउथच्या गाड्या जोडायला सुरुवात झाली. फियाट आली ती त्यानंतर. तिचीच पुढे पद्मिनी झाली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, त्या दिवशी नाना दिवसभर गप्प होते. विद्याविहारच्या बाजूला आजही 'प्रीमियर रोड' म्हणतात, तो त्याच कारखान्यामुळे. तर या 'आमच्या डॉजवाल्यांची' गोष्ट मी शोधून शोधून वाचली. मोठी गमतीची आहे, आणि थोडी शिकण्यासारखीही.

अमेरिकेतल्या मोटार कंपन्या विकायच्या गाड्यांबरोबर काही गाड्या नुसत्या प्रदर्शनासाठी बनवतात. एखाददुसराच नमुना. त्याला शो कार किंवा कन्सेप्ट कार म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ते कंपनीचं रुखवत! रुखवतातला साखरेचा बंगला कोणी राहायला घेत नाही, तो बघायचा असतो. घरच्या बायकांच्या हातात काय कला आहे, ते चार लोकांना कळावं हा त्यातला हेतू. कंपन्यांचंही तसंच. लोक काय बघून थबकतात, कशापुढून सरळ निघून जातात, हे त्या टिपून ठेवतात आणि त्यातलं थोडं पुढे विक्रीच्या गाड्यांत उतरतं.

क्रायस्लरने १९५४ साली अशी एक जोडी मांडली. 'ल काँत' आणि 'ला काँतेस', म्हणजे जणू सरदार आणि सरदारीणबाई. सरदारांची गाडी काळ्या आणि ब्राँझ रंगाची. बाईंची फिकट गुलाबी आणि पारव्या रंगाची. दोन्हींना छप्पर पारदर्शक प्लास्टिकचं. आपल्या मे महिन्यात त्यात बसलं असतं तर पापडच वाळले असते!

सरदारीणबाईंच्या गाडीचं कौतुक झालं, आणि त्यावरून कंपनीने १९५५ साली डॉजची एक गाडी खरोखर विकायला काढली. नाव 'ला फाम', म्हणजे फ्रेंचमध्ये 'स्त्री'. गुलाबी आणि पांढरी. आत गुलाबाच्या कळ्यांचं कापड. गाडीबरोबर खांद्याला लावायची गुलाबी पर्स, तिच्यात लिपस्टिकची डबी, पावडरचा डबा, कंगवा, सुट्ट्या पैशांचं पाकीट आणि हो, सिगारेटची डबी आणि लायटरसुद्धा! शिवाय त्याच कापडाचा रेनकोट, टोपी आणि छत्री. पुढच्या वर्षी रंग बदलून जांभळट केला. दोन वर्षांत मिळून अंदाजे अडीच हजार गाड्या गेल्या आणि १९५६नंतर ती बंद झाली.

का बंद झाली, याची कारणं जाणकार अनेक देतील. मला विचाराल तर पर्स, छत्री, डबी काढून घेतल्यावर खाली उरत होती ती इतर डॉजसारखीच डॉज. बाईला चालवताना काय अडचण येते, मूल मागे बसलं तर काय होतं, याचा त्यात कुठे विचारच नव्हता. छत्री काय, ती आपली आपण घेऊ शकतो.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. त्याच सुमारास जनरल मोटर्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीत हार्ले अर्ल नावाचे डिझाइनचे प्रमुख होते. त्यांनी चक्क बायकांना नोकरीवर घेतलं. काही जणी गाड्यांच्या अंतर्भागावर काम करत, तर काही फ्रिजिडेअरच्या फ्रिज आणि स्वयंपाकघरांवर, कारण फ्रिजिडेअर तेव्हा त्यांचीच होती. कंपनीच्या प्रसिद्धी खात्याने त्यांना 'डिझाइनच्या ललना' अशा अर्थाचं एक नाव देऊन टाकलं. त्यांना स्वतःला ते मुळीच आवडत नसे. शिकून सवरून कामाला आलेल्या बायकांना ललना म्हटलेलं कसं आवडेल?

१९५८ साली या बायकांनी सजवलेल्या दहा गाड्यांचं प्रदर्शन मांडलं गेलं. त्यात पेगी सॉअर यांची एक ओल्ड्समोबिल होती, मुलाबाळांच्या कुटुंबासाठी केलेली. पुढच्या आसनाच्या पाठीला लोहचुंबकाचा खेळाचा पट, म्हणजे मागची मुलं खेळात रमावीत आणि सोंगट्या गाडीभर घरंगळू नयेत. आणि मागची दारं-खिडक्या उघडायचा ताबा पुढे, चालवणाऱ्याच्या हाताशी! मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. जी गोष्ट मला परवा लालबहादूर शास्त्री मार्गावर कळली, ती एका बाईला १९५८ सालीच सुचली होती.

रूथ ग्लेनी यांच्या गाडीत आसनांच्या खोळींचे चार संच होते, चार ऋतूंना चार. आपण दिवाळीला उशांचे अभ्रे बदलतो, तसे. त्याच गाडीत वापरून झाला की आपोआप गुंडाळला जाणारा सुरक्षा पट्टाही होता. सुझॅन व्हँडरबिल्ट म्हणून तिसऱ्या एक होत्या. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आम्ही इथे आसनांना लेस आणि गालिच्यांना टिकल्या लावायला आलेलो नाही, गाडी बाई आणि पुरुष दोघांनाही सोयीची आणि देखणी व्हावी म्हणून आलो आहोत. माझ्या मते सगळं सार यात आलं. बाईचा विचार करून केलेली सोय घरातल्या सगळ्यांनाच उपयोगी पडते. दाराची खिट्टी काय फक्त आईच्या मुलाला वाचवते? बाबांच्याही वाचवतेच की.

हार्ले अर्ल त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना बायकांची ही कल्पना फारशी रुचली नाही आणि हळूहळू बहुतेक जणी बाहेर पडल्या. त्या दहा गाड्या रुखवतच राहिल्या. पण गुंडाळणारे पट्टे आणि मुलांसाठी दाराची कुलुपं आज आपल्या साध्या गाड्यांतही आहेत. गुलाबी पर्स मात्र कुठे दिसत नाही.

क्रायस्लरने पुढे आणखी एक प्रयोग केला, तोही सांगते. विमानासारख्या टर्बाइन इंजिनाच्या पन्नास गाड्या बनवून १९६३ ते १९६६ या काळात त्यांनी दोनशे तीन सामान्य लोकांना तीन-तीन महिने वापरायला दिल्या. ही गाडी रॉकेलवरसुद्धा चालायची आणि आवाज म्हणे घर झाडायच्या मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा. ती बाजारात आली नाही, पण 'घरी न्या, वापरा, मग सांगा' ही पद्धत मला पटली. एवढंच की, त्या दोनशे तिनांत बायका फक्त तेवीस होत्या.

आता आपलं काय? आपल्याला कोणी तीन महिने गाडी देणार नाही. पण अर्धा तास तर नक्की मिळतो. नवी घ्या की जुनी, त्या अर्ध्या तासात काय बघायचं, ते माझ्या अनुभवावरून सांगते.

एक, सगळं घर घेऊन जा. सासूबाईंना मागच्या आसनावर बसवा आणि उतरवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडी फार खाली किंवा फार उंच चालत नाही. दोन, नेहमी नेसता ती साडी नेसून जा, ड्रेस घालत असाल तर ड्रेस. पदर किंवा ओढणी दारात अडकते का, ते तिथेच कळेल. तीन, तुम्ही चालवत नसलात तरी चालवायच्या जागेवर बसा. क्लच पूर्ण दाबला जातो का, बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसतो का, पट्टा खांद्यावरून जातो की गळ्याला काचतो, हे बघा. उंची कमी असेल तर आसन वर होतं का, ते विचारा. चार, डिकी उघडायला लावा आणि स्टेपनी कुठे आहे ते बघा. बाजाराच्या दोन पिशव्या बरोबर नेल्या असतील तर त्याही ठेवून बघा.

आणि पाचवं, सर्वांत महत्त्वाचं. मागची दोन्ही दारं उघडून कडेला, कुलपाच्या जवळपास, ती बारकी खिट्टी शोधा. बहुतेक गाड्यांत तिच्याजवळ मुलाचं चित्र असतं. कुठे ती किल्लीने फिरवावी लागते, तर काही गाड्यांत पुढे बटण असतं. ती लावा, आत बसा, दार लावून घ्या आणि स्वतः कडी ओढून बघा. दार उघडलं नाही, तरच ती बरोबर लागली समजा. एका बाजूची लावून थांबू नका, दोन्ही बाजूंची लावा. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना दार उघडत नाही म्हणून घाबरायला होणार नाही. त्यांना उतरताना बाहेरून दार उघडून द्यायचं, एवढंच.

रंग शेवटी निवडा. खुशाल गुलाबी घ्या, माझी काही हरकत नाही! मलाही तो रंग आवडतो.

वन्संकडे पोचलो तेव्हा मी चुरा झालेलं वृंदावन घेऊन रडवेली झाले होते. त्यांनी आधी पोराला जवळ घेतलं, मग म्हणाल्या, "मोडू दे गं. रुखवत दुसरं करता येतं." आम्ही दोघी बसून ते पुन्हा केलं. थोडं वाकडं झालंय, पण मांडणार तेच.

तुमच्याकडे गाडी असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच खाली उतरा आणि मागचं दार उघडून बघा. स्वयंपाक पाच मिनिटं थांबेल. आणि घरातून कोणी हाक मारून विचारलंच, "कुठे चाललीस गं?" तर त्यांनाही बरोबर घेऊन जा. ती खिट्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.