आखाड्याची विद्या आणि अडथळ्यांची शर्यत
अडथळ्यांच्या शर्यतीत उतरू इच्छिणाऱ्या अकोल्याच्या तरुणांनी परदेशी साधनांची प्रतीक्षा करण्यापूर्वी, १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत स्थापिलेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांचे दर्शन घडविणाऱ्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा अभ्यासावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. दोरीच्या मल्लखांबाने मुठीस पकड येते, कुस्तीने मान व कंबर कणखर होतात, लाठी-दांडपट्ट्याने दृष्टी आणि पाऊल एकत्र चालतात. भिंत ओलांडण्यास याहून निराळे काय लागते? दीर्घ पल्ल्याचा दम मात्र केवळ आखाड्यात मिळत नाही. त्यासाठी वनखात्याच्या परवान्याने नरनाळा किल्ला चढावा. जिल्हा परिषदेने प्रत्येक तालुक्यास सरकारी तनख्यावर एक वस्ताद नेमावा, आणि मुलींस त्याच्या तालमीत पहिल्या दिवसापासून प्रवेश असावा.