नेट दोन, रस्ता एकच!

आमच्या हदगावसारख्या गावात दोन-दोन नेट बाळगणं ही चैन नाही, गरज आहे. घरी ब्रॉडबँडची वायर, पण तिचा भरवसा नाही. म्हणून सोबत मोबाईलचा हॉटस्पॉट. दोन्ही लॅपटॉपला जोडले की पुष्कळांना वाटतं, स्पीड डबल झाला. छे हो!

ऑपरेटिंग सिस्टिमकडे एक राउटिंग टेबल असतं. हदगावहून नांदेडला अर्धापूरवरून जाता येतं, तामसा-भोकरवरूनही जाता येतं. पण एक एस.टी. एका फेरीत एकाच रस्त्यानं जाणार ना? तसंच हे. पत्त्याशी सर्वांत नेमका जुळणारा रस्ता आधी. दोन सारखेच निघाले, तर ज्याचा मेट्रिक लहान त्याचा मान मोठा. विंडोज हा आकडा आपणहून ठरवते, मुख्यतः जोडणीचा वेग पाहून. गोची इथेच आहे. तो वेग लॅपटॉप ते राउटर एवढाच! पुढे गावाबाहेर केबल तुटलेली असली तरी मेट्रिक लहानचा लहानच. वेशीपर्यंतचा रस्ता चांगला, म्हणून पुढचा पूलही शाबूत आहे असं मानण्यातला हा प्रकार.

बरं, वायर काढून हॉटस्पॉटवर गेलो तर? टीसीपी आपलं कनेक्शन ओळखतं ते दोन्ही टोकांच्या आयपी ॲड्रेस आणि पोर्टवरून. हे प्रमाण १९८१ चं. आपला ॲड्रेस बदलला की चालू कनेक्शन गेलं. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला ९० टक्के अपलोड झालेली फाईल बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून! शहरातल्या पोराला हा वैताग वाटेल, आमच्याकडं वर्षाची फी अडकते.

यावर उपाय नाही असं थोडंच आहे? मल्टिपाथ टीसीपी एकच कनेक्शन दोन्ही रस्त्यांवरून चालवतं. ॲपलनं ते २०१३ मध्ये सिरीसाठी वापरलं, २०२० मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येही आलं. पण समोरच्या सर्व्हरलाही ते यावं लागतं, टाळी एका हातानं वाजत नाही. कुणी म्हणेल, मग मोबाईलचा डेटापॅक गुपचूप संपेल त्याचं काय? मुद्दा रास्त आहे. म्हणून सिस्टिमनं विचारावं, निर्णय आपण घ्यावा.

माझं म्हणणं एवढंच, की परीक्षा, प्रवेश, शिष्यवृत्तीच्या वेबसाईट बनवणाऱ्यांनी तुटलेला अपलोड तिथूनच पुढे चालू होईल अशी सोय आधी करावी. त्यासाठी तर मल्टिपाथचीही गरज नाही. आणि या वेबसाईट उद्या बनवणार कोण? आपणच ना! आपल्या प्रॅक्टिकलला मात्र प्रत्येक मशीनला एकच वायर असते. निदान आज दोन्ही नेट जोडून कमांड प्रॉम्प्टवर ‘राउट प्रिंट’ टाईप करा. चार शून्यांनी सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील. त्यांच्या शेवटचा आकडा बघा, मग ब्रॉडबँडवाल्याला फोन लावा.