दवाखाना उघडा ठेवा म्हणणाऱ्यांनो, आता कागद काढा

२२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या. पुढे ३ मे ला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं पडली. डॉक्टर म्हणजे देव, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. पण देवातही मानाचे आणि बिनमानाचे असतात भाऊ. बिनमानाचे जे गेले, त्यांच्या घरच्यांसाठी ही पोस्ट आहे. जरा मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. अट अशी की खासगी डॉक्टर असेल तर त्याची सेवा सरकारने अधिग्रहित केलेली पाहिजे. आता नवी मुंबईतली गोष्ट ऐका. तिथल्या एका आयुर्वेदिक डॉक्टरला महापालिकेने ३१ मार्च २०२० ला नोटीस दिली, दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर कारवाई करू. त्याने उघडा ठेवला. जूनमध्ये तो कोरोनाने गेला. बायकोने विमा मागितला, तर उत्तर मिळालं की तुमच्या नवऱ्याला आम्ही कोविडच्या ड्युटीवर बोलावलंच नव्हतं! मार्च २०२१ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच मान्य केलं. ११ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. साथरोग कायदा लावून, नियम काढून सरकारने डॉक्टरांना बोलावलंच होतं, प्रत्येकाच्या नावाने वेगळं पत्र नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

पण एक मेख आहे. डॉक्टर कोविडचं काम करतानाच गेला, हे सिद्ध करायचं घरच्यांनी. आणि तेही आता, पाच वर्षांनी.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. सोळा तालुके. झरी, मारेगाव, घाटंजी, महागावकडच्या गावात ताप आला की माणूस आधी कुठे जातो? यवतमाळच्या मेडिकलला? नाही. तो जातो चौकातल्या बीएएमएस नाहीतर बीएचएमएस डॉक्टरकडे. दहा बाय बाराची खोली, एक पंखा, एक बाकडं, त्यावर खोकणारे सात-आठ जण. तिथे पीपीई किट कुठून येणार? रिपोर्ट हाती येईपर्यंत पेशंट दोनदा तपासून झालेला असायचा. कोविड वॉर्डात जाणाऱ्याला निदान माहीत तरी होतं की समोर कोरोना आहे. आणि दुसरी लाट राज्यात आधी दिसली ती आपल्याच पट्ट्यात, फेब्रुवारी २०२१ मध्ये.

मेलेल्यांची मोजणीसुद्धा सारखी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं, १६२ डॉक्टर गेले. आयएमए म्हणाली ७३४, आणि त्यात ४३१ जनरल प्रॅक्टिशनर. म्हणजे निम्म्याहून जास्त मरण पहिल्या दारात बसलेल्यांचं. पण आयएमए ही ॲलोपॅथीवाल्यांची संघटना. आपला गावचा बीएएमएस त्या ७३४ मध्येही नाही. त्याला मोजलं कोणी?

सरकारी नोकरीतही उतरंड होतीच. आदिवासी पाड्यांवर फिरणारे भरारी पथकाचे बीएएमएस डॉक्टर सोळा जिल्ह्यांत मिळून २८१, त्यात आपला जिल्हा आहे. साथ आली तेव्हा त्यांचं मानधन महिना २४ हजार होतं. ४० हजार झालं ते नंतर. त्याच आदिवासी भागात बंधपत्रित एमबीबीएसला ७५ हजार. विषाणू मात्र डिग्री विचारत नव्हता.

सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याकडच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सामूहिक राजीनामे दिले. त्यांचं गाऱ्हाणं होतं, संघटना होती, म्हणून बातमी झाली. चौकातल्या डॉक्टरने राजीनामा द्यायचा कोणाला?

कमेंटमध्ये येणारच की खासगीवाल्यांनी कोरोनात लुटलं. हो, लुटलं. लाखांची बिलं मीही पाहिली आहेत. पण ती फाडणारे आणि पन्नास-शंभर रुपयात, तेही उधारीवर तपासणारे, एकाच माळेचे मणी नाहीत. पहिल्यांच्या पापाचं बिल दुसऱ्यांच्या विधवांवर कशाला फाडता?

म्हणून माझी मागणी साधी आहे. दवाखाने सुरू ठेवा, तापाचे पेशंट कळवा, असले आदेश, व्हॉट्सॲपवरचे निरोप, याद्या कोणाकडे असतील? कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, नगरपालिका आणि तहसील यांच्याकडेच ना. मग त्या बाईला पुरावा मागत दारोदार फिरवू नका. तुमची कपाटं उघडा. तालुकावार यादी करा, पॅथी न पाहता. त्या काळातल्या आदेशांच्या सही-शिक्क्याच्या प्रती घरपोच द्या आणि दाव्याचा अर्ज भरून घ्यायला एक माणूस बसवा. शिबिरं तर आपण कशाचीही भरवतो.

पालकमंत्री, आमदार, खासदार, तुम्हालाही हे लागू आहे. या डॉक्टरांच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर फोटो तुमचेच होते.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या गावचा असा डॉक्टर गेला असेल तर घरच्यांना हा निकाल सांगा. जुनं रजिस्टर, नोटीस, आरटीपीसीआरचा रिपोर्ट, डेथ सर्टिफिकेट, जुन्या मोबाईलमधले मेसेज, काहीही असो, रद्दीत देऊ नका. मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव जाहीर करणार नाही.