ड्रायव्हरची जमेची बाजू

पावसाळा सरला की हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती मिलिमीटर झाला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना वर्षभर प्यायला किती लागेल, हे आधी. मग उरलेल्या पाण्यावर रब्बीला काय पेरायचे ते ठरते. पाऊस कमी तर गहूही कमी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे गावाने केव्हाच ठरवले आहे. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा सरासरी चारशे मिलिमीटर पावसाचे हे गाव उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसायचे. 1995 नंतर तिथे टँकर गेलेला नाही. 2020 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

नेप्तीच्या बाजारात कांदा भरायला येणारे आपले कितीतरी वाचक कल्याण रोडने या गावाच्या जवळून नेहमी जातात. या महिन्याचे संपादकीय हिवरे बाजारपासून सुरू करण्याचे कारण मात्र कांदा नाही आणि पाणीही नाही. कारण आहे तो ताळेबंद. गावाचा गौरव झाला, कारण गावाने केलेल्या कामाची नोंद ठेवली आणि ती चारचौघांत वाचली. आपल्या वाहतुकीच्या धंद्यात ड्रायव्हरच्या नावाने वही असते, पण तिच्यात एकच बाजू लिहिलेली असते. डिझेलचा अॅव्हरेज पडला, माल कमी भरला, ताडपत्री फाटली, ई-चलान आले, गाडी उशिरा पोहोचली. हे सगळे तारखेसह लिहिले जाते आणि पगारातून वळते होते. जमेच्या बाजूचे पान कोरे असते.

1995 च्या आधी हिवरे बाजारला पाणी कोणी आणले? ते टँकर कोणी चालवले? आपल्यापैकी एकालाही नाव सांगता येणार नाही. लांबचे कशाला, 2019 च्या उन्हाळ्यात राज्यात सहा हजारांहून अधिक टँकर धावत होते. फेऱ्या किती झाल्या, लिटर किती उतरले, याच्या नोंदी झाल्या, गाड्यांना जीपीएस लागले. पण ज्याने टँकर चालवला आहे त्याला विचारा. पूर्ण भरलेली गाडी एकवेळ सांभाळता येते. अर्धी रिकामी झाली की पाणी वळणावर एका अंगाला धावते आणि ब्रेक मारल्यावर पुढे येऊन ढकलते. तशा गाडीने वस्तीवरच्या कच्च्या रस्त्याने, हंडे घेऊन धावत येणाऱ्या पोराबाळांच्या गर्दीत, दिवसाला चार-पाच फेऱ्या करायच्या आणि कुणाला खरचटूही द्यायचे नाही, हे कसब आहे. लॉगबुकात त्याला रकाना नाही.

कोरोनाच्या काळात ऑक्सिजनचेही तसेच झाले. 19 एप्रिल 2021 रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला रवाना झाले. ते भरून आले, 23 तारखेच्या रात्री तीन नागपूरला उतरले आणि दुसऱ्या दिवशी चार नाशिकला. देशातली ही पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. टँकरबरोबर त्यांचे ड्रायव्हरही गाडीतून गेले होते. उणे 183 अंशांना उकळणारा द्रव मागे आणि दवाखान्याच्या दारात नातेवाईक उभे, अशा वेळी त्यांनी गाड्या पोहोचवल्या. पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे नाव सगळ्यांना आठवते. त्या ड्रायव्हरांची नावे त्यांच्या घरापलीकडे कोणाला आठवतात?

याउलट जिथे नोंद झाली तिथे नाव टिकले. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी आपल्याच पुणे-नगर रस्त्यावर धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे आजही एसटीच्या प्रत्येक वर्धापनदिनाला निघतात. त्याच एसटीत 25 वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकाचा सपत्नीक सत्कार होतो, रोख रक्कम आणि बिल्ला मिळतो. सत्काराला पत्नीला बरोबर बोलावण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला आमचा मनापासून नमस्कार. 25 वर्षे रात्रीचा फोन वाजला की काळजात धस्स होते ते तिच्याच. पण हा सत्कार करता येतो, कारण एसटीकडे 25 वर्षांचे दप्तर असते. खासगी ट्रकवर ड्रायव्हर दोन-तीन वर्षांनी मालक बदलतो. त्याच्या चांगल्या कामाची नोंद जुन्या मालकाच्या डोक्यात राहते आणि तिथेच विरते. नव्या मालकाच्या दारात वीस वर्षांचा माहीर माणूसही पुन्हा नवखा म्हणून उभा राहतो.

धाडसाची नोंद सरकार घेते, हेही सांगितले पाहिजे. 10 जुलै 2017 रोजी अनंतनागजवळ अमरनाथ यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार झाला. गुजरातच्या यात्रेकरूंबरोबर आपल्या डहाणूकडचे लोकही त्या बसमध्ये होते. चालक सलीम शेख यांनी गोळ्या झेलणारी बस न थांबवता पुढे नेली, म्हणून बाकीचे वाचले. त्यांना उत्तम जीवन रक्षा पदक मिळाले. असा प्रसंग हजारात एकावर येतो. रस्त्यावर कुणी तरी पडलेले दिसणे मात्र आपल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या वाट्याला येते. 2022 या एका वर्षात महाराष्ट्रात 15,224 माणसे रस्त्यावर मेली. रात्री दोन वाजता अपघाताच्या जागेवरून पहिली जाते ती बहुतेक वेळा ट्रकच.

ड्रायव्हर का थांबत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. जमाव आधी मारतो आणि मग विचारतो. पोलीस ठाण्यात दिवस जातो, मालकाचा फोन खणखणत राहतो. म्हणून कायद्यात काय आहे ते नीट सांगतो. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याच्यावर खटला भरता येत नाही. जखमीला वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्यास केंद्र सरकारचे बक्षीस आहे. 2021 मध्ये ते पाच हजार होते, आता राहवीर योजनेत 25 हजार झाले आहे. बक्षीस हवे असेल तर आपण होऊन नाव द्या आणि पोलिसांकडून किंवा दवाखान्यातून पोच मागून घ्या. त्या कागदाशिवाय पुढे काही हलत नाही. स्वतःच्या गाडीने अपघात झाला असेल तर जमावापासून जीव वाचवून थेट जवळचे पोलीस ठाणे गाठा. जानेवारी 2024 मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) विरुद्ध मनमाड-पानेवाडीचे इंधन टँकर थांबले होते. ते कलम अजून लागू झालेले नाही. पण त्याचा रोख अपघात न कळवता पळून जाण्यावर आहे, हे ध्यानात ठेवा.

हिवरे बाजारची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्या गावात लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी करण्याचा नियम आहे, आणि तो सगळ्यांना सारखा आहे. हाच विषय आपल्याकडे आला की बोट ट्रक ड्रायव्हरकडे वळते. हायवेवर शिबिरे झाली, ती चांगलीच होती, आणखी व्हावीत. पण पोरगा ड्रायव्हर आहे म्हटल्यावर सोयरीक मोडते, असे आम्हाला जिल्ह्याजिल्ह्यातून ऐकू येते. संशय एकट्या ड्रायव्हरवर ठेवायचा आणि सत्काराला शाल-श्रीफळ द्यायचे, याला मान म्हणत नाहीत.

मालकांशीही स्पष्ट बोलायचे आहे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास ठरवून दिले होते. नाशिकहून भरलेला भाजीपाला पहाटेच्या बाजाराला पोहोचलाच पाहिजे म्हणून जो मालक एकाच माणसाला दोन रात्री जागवतो, त्याने त्या माणसाकडून सौजन्य आणि सावधपणा मागू नये. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकना एसी केबिन सक्तीचे झाले आहे. मे महिन्यात सोलापूर रस्त्यावर तापलेल्या केबिनमध्ये बसून पाहावे, मग यात चैन काय आहे ते सांगावे. सध्याच्या गाड्या अजून अनेक वर्षे धावतील. त्यांत निदान पंखा, चांगली सीट आणि झोपायची धड जागा मालकाला आजही करता येते.

आता मुद्द्याचे. प्रत्येक ड्रायव्हरमागे दोनशे पानी एक वही घाला. गाडी नंबर, फेऱ्या, तुटीविना उतरलेला माल, विनाअपघात महिने, वाटेत कुणाला केलेली मदत आणि तिची पोच, एवढेच लिहा. दर महिन्याला मालकाने सही करावी. ड्रायव्हर नोकरी सोडेल तेव्हा वही त्याच्या हातात द्यावी आणि नव्या मालकाने ती पाहूनच पगार ठरवावा. तालुक्याच्या ट्रान्सपोर्ट संघटनांनी वर्षातून एक सभा घेऊन या वह्या सगळ्यांसमोर वाचाव्यात, ड्रायव्हरच्या घरच्यांना पुढच्या रांगेत बसवून.

येत्या दसऱ्याला गाडी धुऊन आपण तिला झेंडूचा हार घालू, स्टिअरिंगला कुंकू लावू, चाकाखाली लिंबू ठेवू. त्याच पाटावर नवी वही ठेवा, पहिल्या पानावर ड्रायव्हरचे पूर्ण नाव लिहा, आणि त्या पानाचा फोटो आमच्याकडे पाठवा. दिवाळी अंकात ती नावे आम्ही छापू.