ॲटनबरोकरांची कुळकथा

आगगाडीत समोरच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांनी आपले आडनाव सांगितले की आपला पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “म्हणजे आपण मूळचे कुठले?” मग गाव निघते, गावावरून कुलदैवत निघते, आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत कुठल्या तरी मावसभावाच्या सासुरवाडीशी नाते जुळलेले असते. आडनावाच्या दोरीला धरून माणसाच्या मुळापर्यंत उतरता येते, अशी आपली पक्की समजूत आहे. ही दोरी खरोखर किती पक्की आहे, हे पाहण्यासाठी आज आपण हाच प्रश्न एका इंग्रज आडनावाला विचारणार आहोत.

ते आडनाव आपल्याला अगदी परके नाही. १९८२ साली ‘गांधी’ हा चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो. त्यांचे धाकटे बंधू डेव्हिड ॲटनबरो यांनी तर पक्षी, प्राणी आणि समुद्रतळ दूरचित्रवाणीवरून घराघरांत आणून पोचवले. एकाच घरातले दोघे इतके गाजल्यामुळे आपल्याला वाटते की, जोशी-कुलकर्ण्यांसारखे हे आडनावही विलायतेत गल्लोगल्ली असेल. पण तसे नाही. इंग्लंडच्या मानाने ॲटनबरो हे दुर्मिळ आडनाव आहे, आणि ते जुन्या काळापासून मुख्यतः नॉटिंगहॅमशायर आणि त्याच्या शेजारच्या परगण्यात दाटलेले आढळते.

याचे कारण साधे आहे. नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस सहा-सात किलोमीटरवर, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचे एक खेडे आहे. क्रॉमवेलचा जावई आणि सेनानी हेन्री आयर्टन १६११ साली याच गावी जन्मला. नावातल्या ‘बरो’चे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘बुर्ह’ या शब्दात आहे. बुर्ह म्हणजे तटबंदीचे ठिकाण, गढी. अद्दा किंवा अशाच काही नावाच्या माणसाची ती गढी, असे गावाच्या नावाचे स्पष्टीकरण स्थलनामांचे अभ्यासक देतात. आडनावाचा आणखी एक अर्थही सांगतात : ‘अ‍ॅटन बरो’, म्हणजे गढीपाशी राहणारा. कसेही घेतले तरी हे आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांच्या जातीचे आडनाव. आपल्या भाषेत सांगायचे तर हे लोक ॲटनबरोकर!

इंग्लंडात आडनावे फार पुरातन नाहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी तो देश जिंकला, त्यानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत ती हळूहळू रूढ झाली आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. कुणाला धंद्यावरून मिळाले, कुणाला बापाच्या नावावरून, कुणाला अंगच्या खोडीवरून, तर कुणाला गावावरून. यात एक गंमत आहे. गावावरून पडलेले आडनाव त्या गावात पडत नाही. ॲटनबरो गावात सगळेच ॲटनबरोकर. तिथे त्या नावाने हाक मारली तर ओ कोण देणार? माणूस गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करतो, तेव्हा शेजारी त्याला त्या नावाने ओळखू लागतात. म्हणजे गावाचे आडनाव ही गाव सुटल्याची खूण असते.

पण हा गाव सोडणारा फार लांब जातोच असे नाही. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्ड येथे, एका बेकरीवाल्याच्या घरी झाला. स्टेपलफर्डपासून ॲटनबरो गाव चार-पाच किलोमीटर! आडनाव पडल्याला शतके लोटली आणि घराणे मूळ गावापासून तासाभराच्या पायवाटेवरच नांदत होते.

हे फ्रेडरिक मोठे विद्वान निघाले. केंब्रिजला शिकून त्यांनी प्राचीन इंग्रज राजांच्या कायद्यांचे भाषांतरासह संपादन केले, आणि तो ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आल्फ्रेड राजाचा एक कायदा आहे : राजाच्या बुर्हात जबरीने घुसणाऱ्याला १२० शिलिंग दंड, आणि साध्या शेतकऱ्याचे कुंपण मोडणाऱ्याला ५ शिलिंग. आपल्याच आडनावाच्या पोटातला शब्द हजार वर्षांपूर्वीच्या कायद्यात भेटल्यावर बेकरीवाल्याच्या या मुलाला कसे वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. १९३२ साली ते लेस्टर येथील युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९५१ पर्यंत त्या पदावर होते. पुढे १९५७ साली त्या कॉलेजचे विद्यापीठ झाले. हे लेस्टर लक्षात ठेवावे, कारण आपल्या कथेला पुढचे वळण तिथेच मिळते.

आता प्रश्न असा की, आज जगात जेवढे ॲटनबरो आहेत ते सगळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज म्हणायचे काय? चर्चमधली जन्म-मृत्यूची दप्तरे इंग्लंडात १५३८ साली सुरू झाली. त्याच्या मागे गेले की कागद विरळ होत जातात आणि वंशवृक्ष धुक्यात शिरतो. जिथे कागद संपतो तिथे रक्त बोलू लागते, हे शास्त्रज्ञांनी अलीकडे दाखवून दिले.

पुरुषाच्या पेशीत ‘वाय’ नावाचे एक गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून क्वचित एखादा काना-मात्रा चुकावा, तेवढाच काय तो फरक. इंग्रज आडनावाचा प्रवासही असाच बापाकडून मुलाकडे. तेव्हा एका आडनावाचे पुरुष एकत्र करून त्यांची ही गुणसूत्रे ताडून पाहिली तर त्यांचा मूळ पुरुष एक की अनेक, हे कळले पाहिजे. १९८४ साली ॲलेक जेफ्रीज यांनी जनुकीय ठशांचा शोध लावला तो लेस्टर विद्यापीठात. त्याच विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग या संशोधकांनी हे काम अंगावर घेतले. चाळीस आडनावांच्या सोळाशेहून अधिक पुरुषांचे नमुने त्यांनी तपासले आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या चाळिसांत, योगायोग पाहा, ॲटनबरोही होते.

स्मिथ म्हणजे लोहार. गावोगावी लोहार असल्यामुळे दोन स्मिथांचे रक्ताचे नाते दोन परक्या माणसांइतकेच निघाले. पण ॲटनबरोंमध्ये शंभरातल्या सत्तराहून अधिक जणांचे वाय गुणसूत्र एकसारखे किंवा जवळजवळ एकसारखे निघाले. आडनाव जितके दुर्मिळ तितके रक्ताचे नाते दाट, हा नियम ठरला. कुण्या एका माणसाने मध्ययुगात ट्रेंटकाठचे ते गाव सोडले, आणि आज त्या नावाने फिरणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तो पूर्वज असावा, असे मानायला चांगला आधार मिळाला.

त्याच काळी आणखीही काही जण ते गाव सोडून गेले असतील. त्यांच्या शाखा कुठे गेल्या? हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली गणितज्ञांपुढे टाकला होता आणि रेव्हरंड वॉटसन यांनी त्याचे उत्तर मांडण्याचा यत्न केला. साध्या भाषेत सांगायचे तर शंभर माणसांनी शंभर आडनावे घेतली असे समजा. काहींना मुलगाच होत नाही, काहींचे मुलगे लहानपणी जातात. पहिल्याच पिढीत काही नावे गळतात, दुसऱ्या पिढीत आणखी काही. १३४८-४९ साली आलेल्या प्लेगसारखी महामारी आली म्हणजे तर विचारायलाच नको. जी टिकतात ती कर्तृत्वामुळे टिकतात असे नव्हे. पुष्कळदा केवळ पाठोपाठ मुलगे होत गेले म्हणून टिकतात. आडनावाचा अभिमान बाळगणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे!

आता उरलेल्या तीसेक जणांकडे वळू. त्यांचे रक्त निराळे का? कदाचित त्यांचा मूळ पुरुष त्याच गावाहून निघालेला दुसराच कोणी असेल. किंवा सातशे वर्षांच्या वाटचालीत कुणी मूल दत्तक घेतले असेल, कुणा विधवेच्या मुलाने सावत्र बापाचे नाव लावले असेल, कुणी लग्नाआधी झालेल्या मुलाला आईचेच आडनाव दिले असेल. आणि काही घरांत कुणालाच न कळलेले एखादे गुपितही असेल. त्यात चकित होण्यासारखे काय आहे? इतकी माणसे, इतकी वर्षे!

राजेरजवाडेही याला अपवाद नाहीत. २०१२ साली लेस्टरमध्येच, मोटारी उभ्या करायच्या एका आवाराखाली, १४८५ साली लढाईत पडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. सांगाडा त्याचाच, हे जनुकांवरून सिद्ध करण्याच्या कामात याच ट्युरी किंगबाई पुढे होत्या. राजाच्या बहिणीपासून लेकीकडून लेकीकडे उतरत आलेली शाखा शोधून काढली, तेव्हा ती सांगाड्याशी जुळली. पण बापाकडून मुलाकडे आलेली, मोठ्या डौलाने जपलेली सरदार घराण्याची शाखा काही जुळली नाही! तिथे मधे कुठे तरी दोरी तुटून पुन्हा बांधलेली होती. राजाची ओळख पटवली ती बहिणीच्या लेकींनी. आणि वंशवृक्षावर लेकींची नावे बहुधा बारीक अक्षरातच लिहिलेली असतात.

याहून नवलाची हकीकत यॉर्कशायरमधली आहे. तिथल्या एका दुर्मिळ आडनावाच्या अठरा पुरुषांची तपासणी याच मंडळींनी केली, तेव्हा सात जणांत पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या एका प्रकारचे वाय गुणसूत्र निघाले. ही हकीकत २००७ साली प्रसिद्ध झाली. या मंडळींचे वंशवृक्ष १७८० च्या सुमारापर्यंत यॉर्कशायरमध्येच लागतात. कुण्या काळी एक आफ्रिकी माणूस तिथे आला, आपले वायगुणसूत्र मागे ठेवून गेला. रंग विरघळला, आठवण विरघळली, आडनाव अस्सल इंग्रजी राहिले. तो रोमन सैन्याबरोबर आला की गुलामांच्या व्यापाराच्या काळात, हे मात्र रक्त सांगत नाही.

आणि साधा हिशेब करून पाहा. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. असे दुप्पट करीत दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. त्यांतल्या एका माणसाचे आडनाव आपण लावतो आणि ‘आमचे घराणे’ म्हणतो! बाकीच्या १०२३ जणांनीही आपल्याला नाक, डोळे, आवाज, राग, हातातली कला असे काही ना काही दिलेले असते. त्यांना पाटीवर जागा नसते, इतकेच.

ॲटनबरोंच्या घरातच पाहा. मातोश्री मेरी यांचे माहेरचे आडनाव क्लेग. त्यांचे वडील सॅम्युएल क्लेग हे लाँग ईटन येथे हेडमास्तर होते. लाँग ईटनपासूनही ॲटनबरो गाव तीनएक किलोमीटरच. थोरल्या मुलाचे पूर्ण नाव रिचर्ड सॅम्युएल, म्हणजे मधले नाव आईच्या वडिलांचे. डेव्हिडचे मधले नाव फ्रेडरिक, अगदी आपल्याकडच्यासारखे बापाचे. एका भावात आजोळ उरले, एकात वडिलांचे नाव.

याच घरात १९३९ साली बर्लिनहून दोन ज्यू मुली आल्या. अमेरिकेत नातलगाकडे जाण्यासाठी त्या निघाल्या होत्या. पण महायुद्ध सुरू झाले आणि वाट बंद झाली. फ्रेडरिक आणि मेरी यांनी त्यांना ठेवून घेतले, एकदोन महिने नव्हे, सुमारे सात वर्षे! तिन्ही मुलांबरोबर त्या वाढल्या. या मुलींचे रक्त तपासले असते तर ॲटनबरोंशी एक अक्षरही जुळले नसते, आणि आडनावही त्यांनी बदलले नाही. पण त्या घरच्या नव्हत्या असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? आईवडिलांच्या या निर्णयाचा आपल्या मनावर खोल ठसा उमटला, असे रिचर्ड पुढे आवर्जून सांगत.

याच रिचर्डच्या ‘गांधी’साठी वेशभूषा करणाऱ्या भानू अथैया १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. अथैया हे त्यांचे लग्नानंतरचे आडनाव. त्या मूळच्या कोल्हापूरच्या, अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या कन्या, आणि अण्णासाहेब स्वतः चित्रकार. वडिलांची कला मुलीच्या हातात उतरली, वडिलांचे आडनाव मात्र त्या बक्षिसावर आले नाही. केवळ आडनावाची दोरी धरून निघालेला माणूस कोल्हापुरास कधीच पोचला नसता.

ट्रेंटकाठच्या त्या गावी वाळू-खडी काढून झालेल्या खाणींत पाणी साठून तळी झाली. तिथे पक्ष्यांसाठी राखीव जागा केली, आणि १९६६ साली तिचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांच्याच हस्ते झाले. सातशे वर्षांमागे ज्या गावातून एक जण निघाला, त्या गावाला त्याच्या नावाचा एक माणूस असा परत भेटला.

तेव्हा आगगाडीतला तो जुना प्रश्न आपण सोडू नये. “मूळचे कुठले?” हे जरूर विचारावे. मात्र उत्तर मिळाल्यावर तिथेच थांबू नये. डबा उघडून समोरच्यांना चिवड्याची वाटी पुढे करावी आणि विचारावे, “आणि आजोळ कुठले आपले?”