आधी पाऊल, मग गण?

वृत्त शिकवण्याची शाळेतली रीत ठरलेली आहे. फळ्यावर ओळ लिहायची, अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करायच्या, ‘यमाताराजभानसलगा’ म्हणत गण पाडायचे आणि खाली वृत्ताचे नाव लिहायचे. मुले हे बिनचूक करतात. मग तीच ओळ मोठ्याने म्हणायला सांगितली, की बातम्या वाचल्यासारखी वाचतात. म्हणून वृत्त आधी पायांनी शिकवा, मुलांना चालवा, नाचवा, असे म्हणणाऱ्यांचे मला पटते. किती पटते, तेवढे मात्र तपासायला हवे.

ही कल्पना नवी नाही. एमिल जाक-डालक्रोझ १८९२ पासून जिनिव्हात संगीत शिकवत होते. कागदावर हुशार असलेल्या विद्यार्थ्यांच्या अंगात लय उतरलेली नाही, हे त्यांनी पाहिले आणि त्यांना सुरांवर चालायला लावले. १९११ मध्ये ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ इथे या पद्धतीची संस्थाच उभी राहिली. आपल्याकडे तर कथकचा विद्यार्थी हाताने ताल धरून पढंत करतो आणि तेच बोल पायांतून काढतो. तिथे कोणी याला पद्धत वगैरे म्हणत नाही.

भुजंगप्रयात घेऊ. ओळीत बारा अक्षरे, चार य-गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु चार वेळा. लघूला एक छोटे पाऊल, गुरूला दुप्पट वेळ घेणारे लांब पाऊल. ‘नदीच्या किनारी जुनी एक होडी’ ही मी वर्गासाठी जुळवलेली ओळ. ‘नदीच्या’ आणि ‘किनारी’ला पोरे झोकात चालतात. गंमत होते ती ‘एक’पाशी. बोलताना आपण ‘एक्’ म्हणतो, शेवटचा ‘अ’ गिळतो. वृत्तात तो गिळता येत नाही. ‘ए’ तिसऱ्या गणात जातो, ‘क’ चौथा गण उघडतो आणि त्याला स्वतःचे छोटे पाऊल लागते. एरवी दोन तास समजावूनही डोक्यात न शिरणारी ही गोष्ट एक पाऊल कमी पडल्यावर क्षणात कळते. माझ्या मते पायांच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

पण दुसरी बाजूही हलकी नाही. लेझीम, टाळ, पावली यांतून मुलांना लय मिळते हे खरे. ती असते समान अंतरावरच्या ठोक्यांची. लघु-गुरूचा क्रम ही निराळी वस्तू आहे. ओळ दादऱ्यात बसवून गायली, तर सहा मात्रांची सोय पाहून अक्षरे ताणली जातात आणि पाच मात्रांचा य-गण त्यात हरवू शकतो. ताल पक्का, वृत्त गायब! उत्साही शिक्षक इथेच फसतात. मनाचे श्लोकही भुजंगप्रयातातच आहेत, पण त्यांची चाल शाळेआधीच कानात बसलेली असते. त्यांवर पाऊल बरोबर पडले, म्हणजे पाठांतर बरोबर आहे इतकेच कळते. परीक्षा नव्या ओळीनेच घ्यायला हवी.

जागेची अडचण सगळे सांगतात. ती मला फार मोठी वाटत नाही. बाकावर एक बोट आणि पूर्ण तळवा आपटूनही लघु-गुरु दाखवता येतात, आणि ज्याला चालता येत नाही ते मूल मग बाजूला बसत नाही. खरी अडचण नकलेची आहे. रांगेत चालणारे मूल कान बंद ठेवून पुढच्याच्या टाचेकडे पाहत चालू शकते.

म्हणून माझा कौल पावलांना, पण अटीवर. गणांच्या खुणा टाकून देऊ नयेत, त्या चालण्यानंतर याव्यात. मग त्या आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीची नोंद ठरतात. आणि काही दिवसांनी चालणेही थांबवावे. मुलाला बसल्या जागी, डोळे मिटून, चुकलेली ओळ ओळखता आली पाहिजे.

परवा एका वर्गात हे करून पाहिले. मुले चालत असताना मध्येच, न सांगता, ‘नदीच्या काठाला जुनी एक होडी’ असे म्हटले. छोट्या पावलाच्या जागी ‘का’ आला. चार-पाच जणांचे पाय हवेतच थांबले. एक मुलगी वळून माझ्याकडे रागाने पाहू लागली. बाकीच्यांनी त्या थांबलेल्यांकडे पाहिले आणि मग तेही थांबले.