हरलेल्या संघाचे काय करायचे?

आमच्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ यंदा विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन गुणांनी हरला, ही वार्ता आता शिळी झाली. पण त्या पराभवावरची चर्चा काही शिळी व्हायला तयार नाही. कँटीन म्हणू नका, जिमखान्याच्या पायऱ्या म्हणू नका, संध्याकाळची कशेळ्याची एस. टी. म्हणू नका, जिथे चार टाळकी जमतील तिथे एकच विषय : या संघाचे आता करायचे काय?

या चर्चेत तीन पक्ष पडले आहेत. पहिला म्हणतो, ‘सगळे जुने खेळाडू बसवा, नव्या पोरांना घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘बाहेरून दोनतीन तयार खेळाडू आणा, त्यांची फी माफ करा, म्हणजे ढाल आलीच समजा.’ तिसरा तर म्हणतो, ‘कबड्डीच बंद करा आणि ते पैसे क्रिकेटला द्या.’ वाचकहो, खोटे कशाला सांगू? मीही पहिल्या पक्षात होतो. नुसता होतो असे नाही, तावातावाने बोलणाऱ्यांत होतो.

माझा राग एकाच खेळाडूवर होता. सामना संपायला अर्धे मिनिट उरलेले. आम्ही एका गुणाने मागे. चढाई आमची आणि तीही तिसरी, म्हणजे गुण आणला नाही तर गडी बाद. समोर साती गडी उभे होते. आमचा चढाईपटू बोनस रेषेकडे झेपावला, त्याचा मागचा पाय सरकला आणि कोपरारक्षकाने घोटा धरला तो सोडलाच नाही. संपले! दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी म्हणालो, “एवढी घाई कशाला केली त्याने? असल्या गड्याला पुढच्या वर्षी संघात घेऊ नका.” पाचसात जणांनी माना डोलावल्या. एवढ्या माना डोललेल्या पाहून मला मोठे तज्ज्ञ झाल्यासारखे वाटले.

हा मुलगा आमच्याच बाजूचा. कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्याची ठाकरवाडी आहे. माझे वडील एका फार्महाऊसवर माळीकाम करतात, आई लावणीला जाते, आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. त्याच्या तर अख्ख्या वाडीतून तो पहिला. आठवड्याभराने एस. टी.त तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी काय बोललो होतो ते त्याच्या कानावर गेले होते. पण तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “अरे, आपल्या मातीत पाय रुततो. मॅटवर घसरतो. आणि बूट पण दुसऱ्याचे होते, एक नंबर मोठे.”

मी गप्प झालो. आमचा संघ वर्षभर मातीवर, अनवाणी पायांनी सराव करतो, हे मला ठाऊक होते. स्पर्धा मॅटवर होतात आणि मॅटवर बूट लागतात, हेही ठाऊक होते. या दोन गोष्टी जोडून पाहण्याची तसदी मात्र मी घेतली नव्हती. ज्या खेळाडूला आम्ही घाईबद्दल दोषी ठरवले, त्याने मॅटवर पहिले पाऊल त्याच स्पर्धेत ठेवले होते. सातच्या एस. टी.साठी सराव अर्धवट सोडून तो महिनोन्महिने पळत होता. नाहीतर वाडीपर्यंत अंधारात चालत जावे लागते. म्हणजे पाय त्याचा सरकला खरा, पण तो सरकावा अशी सगळी तयारी आमचीच होती.

असे उतावीळ न्यायाधीश फक्त आमच्याच कट्ट्यावर आहेत असे नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवले. आम्ही दहाबारा जण एका ओट्यावर मोबाइलभोवती डोकी घालून तो सामना पाहत होतो. शेवटची शिट्टी वाजली आणि लगेच ‘याला काढा, त्याला विका’ सुरू झाले! याच पलटणचा तीन वर्षांपूर्वीचा इतिहास त्या ओट्यावर कोणालाच आठवला नाही. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत पलटण असाच अंतिम सामना जयपूरकडून ३३-२९ असा हरला होता. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन बिनीचे चढाईपटू जखमी होऊन बाहेर बसले होते. त्या पराभवानंतर संघ मोडला असता तर? पण अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत ही मुले ठेवली गेली. नगर जिल्ह्यातल्या अस्लमकडे कर्णधारपद आले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरयाणाला २८-२५ असे नमवून याच संघाने अजिंक्यपद आणले. त्या आधी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, अस्लम आणि आकाश आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होते.

दुसरा पक्ष इथे म्हणेल, ‘पण पलटणने बाहेरून इराणचा शादलू विकत आणलाच ना?’ आणला, हे खरे. परंतु एका गड्याची भर घालणे वेगळे आणि घरचे सात काढून त्यांच्या जागी पाहुणे बसवणे वेगळे. भात चांगले आले नाही म्हणून कोणी शेताची माती बदलत नाही. खत घालतो, बांध घालतो.

मुंबईच्या संघाचेही तेच. २०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामात यू मुंबा अंतिम सामन्यात जयपूरकडून ३५-२४ असा हरला. कर्णधार अनूप कुमारच राहिला आणि २०१५ साली बंगळूरूला ३६-३० असे हरवून संघ अजिंक्य ठरला. २०१६ च्या मार्चमध्ये तो पाटण्याकडून पुन्हा अंतिम सामना हरला, तोही ३१-२८ असाच. त्यानंतरच्या लिलावात मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही बचावाची जोडी बंगळूरूकडे गेली. तेव्हापासून मुंबईने अंतिम सामना पाहिलेला नाही. सगळे कारण तेवढेच असेल असा माझा दावा नाही. पण जमलेली साखळी तुटली की ती पुन्हा बाजारात मिळत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

आणखी एक उदाहरण देतो, ते आपल्याला थोडे बोचणारे आहे. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुली भारताकडून अंतिम सामना हरल्या. त्यांच्या देशाने कबड्डी बंद केली नाही, चांगले शिक्षक शोधले. आणि ते कुठे सापडले? आपल्या नाशिकला! शैलजा जैन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच इराणने २०१८ साली जकार्ताला भारतीय मुलींना २७-२४ असे हरवून सुवर्णपदक नेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे आमच्या संघासाठी चार गोष्टी सुचवतो. पहिली, हे सात जण निदान आणखी एक वर्ष एकत्र ठेवावेत. अंतिम सामन्यापर्यंतची वाट त्यांनीच तर पाहिली आहे. दुसरी, बाहेरच्या खेळाडूच्या फीवर आणि राहण्याजेवणावर जो खर्च करायची आमची तयारी आहे, त्यात आधी आमच्या मुलांना त्यांच्या मापाचे बूट घ्यावेत आणि सरावानंतर केळी-अंडी द्यावीत. तिसरी, महिन्यातून दोनदा तरी मॅटवर सराव मिळावा. मॅट आपले नसले तरी ज्यांचे आहे त्यांना पत्र लिहायला काय हरकत आहे? चौथी, सरावाची वेळ एस. टी. पाहून ठरवावी. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे अशाच मुलांचा संघ काढायचा असेल तर गोष्ट निराळी.

पाचवी सूचना आम्हा प्रेक्षकांसाठी. अंतिम सामन्याला आम्ही दोन गाड्या भरून गेलो होतो. वर्षभरात सराव पाहायला कितीजण गेलो? मी एकदाही गेलो नव्हतो. ज्याने सराव पाहिला नाही, त्याने निवडसमितीचे काम अंगावर घेऊ नये, हे मी आता स्वतःलाच बजावतो आहे.

क्रिकेटवाल्या मित्रांशी माझे भांडण नाही. पण कबड्डी हा आमच्या भागात भात झोडून झाल्यावर मोकळ्या खाचरात चार रेषा आखून उभा राहणारा खेळ आहे. त्याला ना बॅट लागते, ना पॅड. दम लागतो, आणि तो वाडीवस्तीवरच्या पोरांकडे भरपूर आहे. हा खेळ बंद झाला तर मैदानावर क्रिकेट येईल हे खरे, पण ती पोरे येणार नाहीत.

शेवटी मूळ मुद्दा. त्या दिवशी एस. टी.तून उतरताना माझा मित्र म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू. बहुतेक कामाला लागेन.” कट्ट्यावर बसून ‘याला काढा’ म्हणताना मला वाटले होते, आपण त्याला फक्त संघातून काढतो आहोत. पण कबड्डी हीच ज्याची कॉलेजशी बांधलेली दोरी आहे, त्याला संघातून काढले की तो कॉलेजातूनही जातो. मग त्या वाडीतून दुसरा मुलगा यायला किती वर्षे लागतील?

मी त्याची माफी मागितली आहे. आता जूनमध्ये तो हजेरीपटावर दिसावा, यासाठी ज्यांना काही करता येण्यासारखे आहे, त्यांनी ते सुट्टी लागण्यापूर्वी करावे, एवढीच विनंती.

— द्वितीय वर्ष कला